दुसरी किल्ली

ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे पुरावा मागायचा का? आपल्या घरांतून या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: नाही. पाहुणे उठून गेल्यावर वाट्या मोजायच्या नाहीत, भावाला उसने पैसे दिले तर कागद करायचा नाही, मुनीमजींनी गल्ला मोजला की परत मोजायचा नाही. मोजलं तर नात्यात उणं येतं, अशी समजूत. मी याच समजुतीत वाढले, कोल्हापूरकडच्या माहेरी आणि नंतर इथे ग्वाल्हेरला सासरी, लष्करातल्या किराणा-मसाल्याच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर. म्हणून २०२५च्या एप्रिलमध्ये आमच्या बाजारात जी कुरकुर सुरू झाली ती मला निव्वळ कॉम्प्युटरची भानगड वाटली नाही.

झालं ते असं. ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा करपात्र माल गाडीत घालून परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. २०१८च्या एप्रिलपासून हे चालू आहे आणि बाजारातल्या घरांतल्या बायकांनाही ते आता पाठ झालं आहे. हे बिल बनवायला सरकारी पोर्टलवर फर्मचं एक खातं असतं, त्याला नाव आणि पासवर्ड. आता नुसत्या पासवर्डावर ते उघडत नाही. फोनवर एक आकडा येतो, तो भरावा लागतो. ही सक्ती ऑगस्ट २०२३मध्ये आली ती १०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. मग २०२५च्या जानेवारीत २० कोटींच्या वरच्यांना, फेब्रुवारीत ५ कोटींच्या वरच्यांना, आणि १ एप्रिल २०२५पासून सगळ्यांना, अगदी गल्लीतल्या फर्मलासुद्धा. नियम मोठ्यांपासून सुरू होऊन छोट्यांपर्यंत आला, हे मी तरी क्वचितच पाहिलं आहे. बहुधा उलटं होतं.

याला 'बहुघटक प्रमाणीकरण' असं जड नाव आहे. नाव सोडा. ओळखीचे पुरावे तीन जातींचे असतात: तुम्हाला ठाऊक असलेलं, म्हणजे पासवर्ड; तुमच्याजवळ असलेलं, म्हणजे फोन किंवा किल्ली; आणि तुम्ही स्वतः, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा. यातल्या निदान दोन वेगळ्या जातींचा पुरावा दिला तरच दार उघडायचं. दोन पासवर्ड लावले तर भागत नाही. एकाच खिशात ठेवलेल्या दोन चिठ्ठ्या त्या, खिसा कापला की दोन्ही गेल्या.

त्याआधी बाजारात पासवर्ड ही काही गुपित ठेवायची वस्तू नव्हती. कुठे तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला, कुठे वहीच्या पुठ्ठ्यावर, कुठे फर्मच्या नावापुढे एक-दोन-तीन. शेठजींना ठाऊक, मुलाला ठाऊक, मुनीमजींना ठाऊक, सीएच्या कार्यालयातल्या पोराला ठाऊक, आणि गाडी भरायला उशीर होतोय म्हणून ट्रान्सपोर्टवाल्यालाही फोनवरून सांगितलेला. काम भराभर व्हायचं, हे खरं.

एक एप्रिलनंतर आमच्या शेजारच्या पेढीवरचे वयस्कर मुनीमजी मला जिन्यात भेटले. म्हणाले, "भाभीजी, बत्तीस वर्षं या गादीवर बसलो. आता मी मीच आहे, हे फोन ठरवणार?" त्यांचे शेठ त्या दिवशी लग्नाला इंदूरला गेले होते, आकडा शेठजींच्या फोनवर येत होता, शेठजी फोन उचलत नव्हते, आणि खाली गाडी भरून उभी. मुनीमजींच्या बोलण्यात कामाचा खोळंबा कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. त्यांना हसून उडवणं सोपं आहे. पण मला वाटतं ते दुखणं खरं आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. "सुरक्षेसाठी आहे" हे उत्तर नव्हे. सुरक्षा कोणापासून, हाच तर त्यांचा प्रश्न होता.

मी मनाशी आपल्याच घरातल्या, देवळातल्या रीती आठवून पाहिल्या. मंदिरातली दानपेटी कधी एकट्याने उघडत नाहीत. चार-पाच जण बसतात, कुलपं निघतात, सतरंजीवर नोटा मोजल्या जातात. त्यात अध्यक्षही बसतात आणि कोणाला अपमान वाटत नाही. बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागतात. घरी एकमेकींच्या गळ्यात गळा घालणाऱ्या दोघी बँकेत गेल्यावर आपापली सही करतात. सरकारी कोषागारात तर याला 'डबल लॉक' असंच म्हणतात: तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं, एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. आपल्या बँकेतल्या लॉकरला एक किल्ली आपली लागते, एक बँकेची. म्हणजे दुसरा पुरावा मागायची रीत आपल्याला नवी नाहीच. मग तो आकडा एवढा का बोचतो?

माझ्या मते बोचतो तो एकट्याकडे मागितला तर. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातली सीता अग्निपरीक्षा पार करते, पण परत राजवाड्यात जात नाही, केशलोच करून दीक्षा घेते. लहानपणी हा प्रसंग ऐकताना मला वाटायचं, आता तर सगळं सिद्ध झालं, मग ही जाते का? आता वाटतं, सिद्ध करायला तिच्या एकटीलाच सांगितलं होतं, म्हणून गेली. अयोध्येत दुसऱ्या कोणासाठी चिता रचली नव्हती. परीक्षा एकाला असते तेव्हा तो आरोप होतो. सगळ्यांना असते तेव्हा ती रीत होते, देवळात शिरताना चपला काढण्यासारखी.

म्हणून कुठल्याही पेढीत, कंपनीत हा नियम आला की मी पहिलं विचारते, मालक स्वतः तो आकडा भरतात का? माझी भाची पुण्याला एका कंपनीत याच कामात आहे. ती सांगते, "मावशी, नियमातून सूट मागणारे पहिले फोन सगळ्यात वरच्या मजल्यावरून येतात." आणि गंमत अशी की चोराला हवं असतं ते वरच्या मजल्यावरच्यांचंच खातं. शिपायाच्या खात्यातून त्याला काय मिळणार?

तुम्ही म्हणाल, दानपेटीपाशी माणसं पाच असतात, इथे एकाच माणसाकडे दोन पुरावे मागताहेत. बरोबर आहे. त्याचं कारण पासवर्डाच्या स्वभावात आहे. किल्ली चोरीला गेली की खुंटी रिकामी दिसते. पासवर्ड चोरीला गेला तरी आपल्याजवळ असतोच, गेलेला कळतच नाही. २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन या कंपनीचं असंच झालं. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ ४५ टक्के ज्या नळातून जातं, तो नळ कंपनीला अनेक दिवस बंद ठेवावा लागला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली, त्यातली बरीचशी पुढे सरकारने परत मिळवली. चोर आत शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याला पासवर्ड होता, दुसरा पुरावा नव्हता. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की पासवर्ड साधासुधा नव्हता, चांगला अवघड होता. मला त्या साक्षीतलं हेच लक्षात राहिलं. अवघड होता, पण फुटलेला होता, आणि फुटलेला अवघड पासवर्ड सोप्याइतकाच उघडा.

कॉम्प्युटरला मुनीमजी दिसत नाहीत. त्यांची बत्तीस वर्षं दिसत नाहीत. त्याला दिसतात ती आठ-दहा अक्षरं, आणि ती कोणी दाबली हे त्याला कळायचा मार्ग नाही. अविश्वास आहे तो त्या अक्षरांवर. मुनीमजींना मी हेच सांगितलं. ते फारसे पटल्यासारखे दिसले नाहीत.

त्यांना पटली ती दुसरी गोष्ट, आणि माझ्याही मते तीच जास्त महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका पेढीवर एक चुकीचं बिल निघालं. माल गेलाच नव्हता, बिल मात्र होतं. कोणी केलं? पासवर्ड सहा जणांना ठाऊक. शेठचा मुलगा करणार नाही, मुनीमजी करणार नाहीत, भाचा तर घरचाच. उरला तो भिंडकडून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, जो चहा आणायचा आणि कधीमधी कॉम्प्युटरवर बसायचा. त्याने केलं असं कोणी सिद्ध केलं नाही. त्याला फक्त दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. खरं काय ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक होणारही नाही, कारण नोंदीत सहाही जणांचं नाव एकच होतं: फर्मचं. जिथे सगळे एकाच नावाने आत जातात तिथे संशय उतारावरच्या पाण्यासारखा खाली खाली जातो आणि सगळ्यात गरीब माणसापाशी थांबतो. आपण ज्याला विश्वास म्हणत होतो तो असा होता, वरच्यांना पुरणारा.

आता पोर्टलवर मुख्य खात्याखाली प्रत्येक माणसाचं वेगळं खातं उघडता येतं, 'सब-युजर' म्हणतात त्याला, आणि त्याचा आकडा त्याच्याच मोबाइलवर जातो. मुनीमजींची बिलं मुनीमजींच्या नावावर, पोराची पोराच्या. शेठजी इंदूरला असोत नाहीतर शिखरजीला, गाडी अडत नाही. शेजारच्या पेढीने महिन्याभराने ते केलं तेव्हा मुनीमजींनी मला वरपर्यंत येऊन सांगितलं, "आता माझ्या नावाचं खातं आहे." आवाजात अपमान नव्हता.

पण सक्ती करणाऱ्यावरही काही बंधन आहे, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मुनीमजींच्या खिशातला फोन मुनीमजींचा असतो, त्याचं रिचार्ज ते भरतात. आकडा मिळायला तीन वाटा दिल्या आहेत: साधा एसएमएस, 'संदेस' नावाचं सरकारी अॅप, आणि 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' हे अॅप, ज्यात दर ३० सेकंदांनी आकडा बदलतो आणि तो मिळायला इंटरनेटही लागत नाही. साध्या बटणांच्या फोनवर यातली पहिलीच वाट चालते. कंपनी म्हणते अॅपच हवं, तर फोनही कंपनीने द्यायला हवा, किंवा किल्लीसारखी छोटी वस्तू मिळते, कॉम्प्युटरला लावायची, ती द्यावी. स्वतःच्या दाराची किल्ली नोकराच्या पगारातून करून घेणारा मालक आपण कधी पाहिला आहे का?

दुसरी किल्ली आली म्हणून चोर घरी बसत नाही. तो आता माणसाला दमवतो. २०२२च्या सप्टेंबरमध्ये उबर कंपनीत हेच झालं. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एकाचा पासवर्ड चोराच्या हाती लागला होता, अडकलं होतं ते फोनवरच्या 'हो' वर. चोराने आत शिरायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, प्रत्येक वेळी त्या माणसाच्या फोनवर विचारणा: तुम्हीच का? शेवटी एकदा त्याने 'हो' दाबलं. आपल्याकडे 'हो' म्हणण्यासाठी दमवायची कला किती जुनी आहे ते बायकांना सांगायला नको. श्रावकाच्या अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' आहे: खऱ्यासारखं दिसणारं खोटं खऱ्याच्या भावाने खपवणं. पाठशाळेत आम्हाला तुपातल्या भेसळीचं उदाहरण द्यायचे. आता बँकेसारखं दिसणारं पान आणि साहेबासारखा बोलणारा आवाज हेही त्यात घालायला हवं. एसएमएसचा आकडा तुमच्याकडून गोड बोलून काढून घेता येतो. ती कॉम्प्युटरला लावायची किल्ली मात्र पानाचा खरा पत्ता तपासते, आणि खोट्या पानापुढे गप्पच राहते. गोड बोलणं तिला ऐकूच येत नाही.

आणि एक उलटा धोका, ज्याची गोष्ट ग्वाल्हेरकरांना सांगायला नकोच. किल्ल्यावरच्या तळघरांतला शिंद्यांचा खजिना, गंगाजळी. त्याचा सांकेतिक शब्द, बीजक, फक्त महाराजांना ठाऊक असायचा आणि त्यांनी तो वारसाला सांगायचा, अशी पद्धत. १८५८नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तो थेट १८८६मध्ये परत मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीराव महाराज गेले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक त्यांना सांगायचं राहिलं. पुढे खजिन्याचा काही भाग माधवरावांच्या हाती लागला असं सांगतात, पण तो बीजकाने नव्हे, शोधाशोध करून आणि नशिबाने. किल्ला दाखवणारे गाइड आजही ही गोष्ट रंगवून सांगतात. मला त्यात खजिन्यापेक्षा ते नऊ वर्षांचं पोर दिसतं, ज्याचं सगळं होतं आणि ज्याला काहीच उघडता येत नव्हतं.

फोन हरवला, पाण्यात पडला, किंवा फोनवाला माणूसच गेला, तर? यासाठी बऱ्याच खात्यांवर आधीच काही राखीव आकडे काढून ठेवता येतात, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवायचे. लॉकर नसेल तर साडीच्या घडीत. पण कोणाला तरी सांगून.

कोणाला, इथे गोष्ट आपल्यापाशी येते. २००९च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हापासून हळूहळू तुमचा मोबाइल नंबर हीच तुमची ओळख होत गेली. आणि आपल्यातल्या किती जणींच्या खात्याला त्यांचा स्वतःचा नंबर आहे? पासबुकावर नाव आपलं, आकडा येतो यजमानांच्या फोनवर, ते नसले तर मुलाच्या. बाजारात तर अर्ध्या गल्लीतल्या फर्म बायकांच्या नावावर आहेत. सही आपली, पॅन आपलं, नोटीस आली तर तीही आपल्या नावाने येणार. ज्या नियमाचा सगळा हेतूच 'तुम्हीच का?' हे विचारणं आहे, तो नियम विचारतो आमच्या नवऱ्याला, आणि तो म्हणतो, हो, मीच ती.

यात कोणी वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. सोय म्हणून झालेलं असतं. पण तो आकडा ज्या संदेशातून येतो त्यातच लिहिलेलं असतं की हा कोणालाही सांगू नका. 'कोणालाही'मध्ये नवरा येतो का, यावर आमच्या मंडळात एका दुपारी चांगलाच वाद झाला. एक जण म्हणाल्या, संसारात असा हिशेब नसतो. मला वाटतं हा प्रेमाचा हिशेब नाहीच, जबाबदारीचा आहे. ज्याचं नाव कागदावर, आकडा त्याच्या हातात.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या नावावर अशीच एक फर्म आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी नोंदणीतला नंबर बदलून स्वतःचा घालायचं ठरवलं. ज्या कार्यालयात हे काम करून घ्यायला गेल्या तिथल्या मुलाने विचारलं, "साहेबांना विचारलंय ना?" जाऊबाई म्हणाल्या, "फर्मचे साहेब मीच आहे, कागद बघ." सुरुवातीचे काही दिवस दुकानातून फोन यायचा, आकडा सांगा म्हणून. त्या विचारायच्या, कुठला माल, कुठे चाललाय, गाडी कोणाची. आमचे भाऊजी वैतागायचे. मग त्यांनी स्वतःचा वेगळा सब-युजर करून घेतला, आणि आता त्यांचा आकडा त्यांच्याकडे येतो. मुख्य खातं जाऊबाईंकडेच आहे. महिन्यातून एकदा, साधारण चतुर्दशीचा उपवास असतो त्या दुपारी स्वयंपाकाची घाई नसते म्हणून, त्या लॉगिन करून निघालेली सगळी बिलं वरपासून खालपर्यंत बघतात. मागच्या वेळी एकाच दिवशी एकाच गाडीवर दोन वेगळ्या गावांची बिलं दिसली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून परत एकदा गाडीचा नंबर वाचला आणि दुकानात फोन लावला.